माणसांसकट वाडा विकणे आहे

"वाडा रिकामा आहे ना?" दलालानं विचारलं.

"नाही, भरलेला आहे."

"सामानानं?"

"माणसांनी."

दलालानं पेनाला टोपण लावलं. घर विकायला काढलेल्या माणसाला हा टोपणाचा आवाज फार लांबून ऐकू येतो. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि पुढच्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकला, की आता झोपेतही ओळखेन. "साहेब," तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला वाडा विकायचा नाहीये. तुम्हाला नुसतं प्रॉपर्टी कार्ड विकायचंय. वर बसलेली माणसं फुकट."

"फुकट नाहीत," मी जरा दुखावून म्हणालो, "भाडं देतात."

"किती?"

मी आकडा सांगितला. तो इतका हसला, की टोपण लावलेलं पेन खिशातून घरंगळून चौकातल्या हौदाकडे गेलं. ते माडीवरच्या अप्पांनी उचलून दिलं. देताना म्हणाले, "जपा. इथं एकदा आलेली वस्तू सहसा बाहेर जात नाही."

वाडा नारायण पेठेतला. आजोबांनी बांधला, वडिलांनी सांभाळला आणि मी विकायला काढला. घराण्याचा चढता आलेख म्हणावा तो हाच. दर्शनी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, परस, वर माडी. त्यात माझ्या ताब्यात जिन्याखालची एक खोली. ती उघडायला आधी दाराला खांदा लावावा लागतो आणि मग खांद्याला मलम. आत तांब्याचा बंब, तीन पाट, मोडका पाळणा आणि आजोबांची तसबीर. बाकी सगळा वाडा पाच भाडेकरूंकडे. माडीवरचे अप्पा, माजघरातल्या काकू, ओसरीवरचे मास्तर, रस्त्याकडच्या खोलीतले शिंपीमामा आणि परसातले कुलूपवाले. कुलूपवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्या दाराला बारा महिने कुलूप असतं आणि ते स्वतः कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये असतात. त्यांच्याकडे पुढे येतोच.

तर भाडं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं ठरवलं, की 1 सप्टेंबर 1940 ला जागेचं जे भाडं होतं तेच तिचं प्रमाण भाडं. त्या तारखेला जगात महायुद्ध चालू होतं आणि आमच्या वाड्यात पाचही भाडेकरूंचं मिळून महिना 64 रुपये भाडं. महायुद्ध संपलं. हा कायदा खरं तर तात्पुरता म्हणून आला होता. पण मुदतवाढ घेत घेत बावन्न वर्षं राहिला. आमच्या भाडेकरूंनी त्याच्याकडूनच धडा घेतला असावा. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हे गोठवलेलं भाडं गैरवाजवी ठरवलं, तेव्हा वडिलांनी वाड्यात पेढे वाटले. ते अप्पांनीही घेतले. "न्यायालयाचा मान राखला पाहिजे," म्हणाले, आणि त्या महिन्याचं 14 रुपये भाडं पाठवून दिलं.

मग 31 मार्च 2000 पासून नवा कायदा लागू झाला. दरसाल शेकडा चार भाडेवाढ! वडिलांना वाटलं, आता वाड्याला रंग देता येईल. शेकडा चार म्हणजे अप्पांचे वर्षाला 56 पैसे. त्यातही मास्तरांनी मुद्दा काढला, की ही वाढ सरळव्याजानं धरायची की चक्रवाढीनं? मास्तरांनी चाळीस वर्षं सातवीला गणित शिकवलंय. 2024 साली, म्हणजे वाढीला चोवीस वर्षं झाल्यावर, यावर वाड्यात रीतसर बैठक झाली. सरळव्याजानं सगळ्यांचे मिळून 125 रुपये 44 पैसे, चक्रवाढीनं 164 रुपये 5 पैसे. फरक 38 रुपये 61 पैशांचा. बैठक तीन तास चालली. चहा दोनदा झाला, त्याचे 140 रुपये मी दिले. शेवटी मास्तरांनी 5 पैशांची नाणी आणायला सांगितली. 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मग निकाल राखून ठेवू," ते म्हणाले. तो अजून राखलेला आहे.

हे भाडं मला हातात कधीच मिळत नाही. मनीऑर्डरनं येतं. झालं असं, की माडीवर वाळत घातलेल्या अप्पांच्या धोतराचं पाणी ओसरीवर बसलेल्या वडिलांच्या वर्तमानपत्रावर ठिबकलं. बोलाचाली झाली. वडील म्हणाले, "तुमचं भाडं नको मला." अप्पा म्हणाले, "नको कसं? घ्यावं लागेल." कारण मालकानं भाडं घेतलं नाही तर भाडेकरू थकबाकीदार ठरवला जाऊ शकतो, आणि थकबाकीदार ठरायची अप्पांची तयारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून अप्पा माडीवरून खाली उतरायचे, वडिलांच्या समोरून पोस्टात जायचे आणि वडिलांच्या नावे मनीऑर्डर करायचे. ती तीन दिवसांनी वडिलांकडे यायची. माडी ते ओसरी अंतर अठरा पायऱ्यांचं. मधे सिटी पोस्ट. फॉर्मच्या खालच्या कुपनावर निरोप लिहायला जागा असे, तिचाही उपयोग होई. ‘नळाचा वायसर बदलणे.’ ‘काल रात्री आपण फार मोठ्याने घोरलात.’ वडील परत कुपन पाठवू शकत नसत, म्हणून ते पोस्टमनला तोंडी निरोप देत. पोस्टमन बिचारा अठरा पायऱ्या चढे.

आता हे सगळं तुम्हाला तिखटमीठ लावलेलं वाटत असेल, तर सांगतो. मनीऑर्डरच्या या पद्धतीत काडीची अतिशयोक्ती नाही. खात्रीनं सांगू शकतो, कारण गिरगावात मी स्वतः तीच वापरतो.

हो. मी गिरगावात भाडेकरू आहे. मामांच्या मागून चाळीतली खोली माझ्याकडे आली. चाळ 1940 च्या आधीची, म्हणून उपकरप्राप्त इमारतींच्या ‘अ’ वर्गात. दहावीनंतर ‘अ’ वर्गाशी माझा आलेला हा एकमेव संबंध. खोलीचं भाडं 78 रुपये. मामा गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ राहत होतो की नव्हतो, यावर मालकाचा आणि माझा मतभेद आहे. माझ्याकडे रेशनकार्ड आहे, त्याच्याकडे तोंड आहे. मी गॅलरीला सरकत्या काचा लावल्यापासून तो भाडं घेत नाही. मग मी मनीऑर्डर करतो. कुपनावर काय लिहायचो ते घरगुती आहे.

बायको म्हणते, तुमच्यात दोन माणसं राहतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. बरोबर आहे तिचं. सकाळच्या डेक्कन एक्सप्रेसनं मी निघतो तो भाडेकरू. कर्जतला घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन लागतं, तसा माझ्यातला मालकही मागून जोर लावायला लागतो. खंडाळा येईपर्यंत मी शेजारच्या प्रवाशाला सांगत असतो, "कायदाच भाडेकरूंच्या बाजूनं हो! मालकानं जगायचं कसं?" आणि संध्याकाळी परतताना कर्जतला वडा खाताखाता दुसऱ्या प्रवाशाला सांगत असतो, "ह्या मालक लोकांना माणुसकी म्हणून नाही!" एकदा दोन्ही वेळेला तोच प्रवासी निघाला. त्यानं वडा अर्धा टाकून डबा बदलला.

असो. वाडा विकायचा होता.

वकिलांकडे गेलो. त्यांचं ऑफिस जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. त्यांनी कागद पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढ्याचे पैसे त्यांनी वेगळे लावले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे.

"विकायला कायद्याची हरकत नाही," ते म्हणाले. "मालकी तुमची, ती विका. भाडेकरू मालकीबरोबर जातील. नवा मालक तुमच्या जागी येईल एवढंच."

"म्हणजे त्यालाही 14 रुपये मिळणार?"

"आणि चार टक्के."

"पण समजा, भाडेकरू वारला तर?"

"तर त्याच्याजवळ राहणारं घरचं माणूस भाडेकरू होतं."

"आणि तेही वारलं तर?"

"तोवर तुमचा मुलगा माझ्या मुलाकडे येईल."

दावा लावायला कारणं आहेत, ती त्यांनी वाचून दाखवली. मालकाला स्वतःला जागेची खरीखुरी गरज असणं. परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करणं. मी एकदम उठलो. "अप्पांनी माडीवर चूल बांधलीये!" वकिलांनी मला खाली बसवलं. बिनधुराची असेल तर ते पक्कं बांधकाम धरत नाहीत म्हणे. मी कायद्याच्या त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिलो. एवढ्या मोठ्या राज्याचा कायदा करताना कोणाला तरी अप्पांची चूल आठवली होती.

आणि एक कारण होतं, सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा न वापरणं. माझ्या डोळ्यांपुढे कुलूपवाले उभे राहिले. "जमलं!" मी म्हणालो.

"ही इमारत कोणाची आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?" वकिलांनी विचारलं. "मालक वरच राहतात. माझ्या वडिलांनी 1952 साली ही खोली भाड्यानं घेतली. गेली अकरा वर्षं ते दावा चालवतायत, मी हे ऑफिस वापरत नाही म्हणून. तुम्ही आलात ते बरं झालं. रजिस्टरमध्ये सही करून वेळ घाला."

मी सही करून वेळ घातली. त्यांच्या मालकाबद्दल मला सहानुभूती वाटली, पण पुण्यात असल्यामुळेच. कर्जतला ती उतरली.

कुलूपवाल्यांवर पाळत ठेवायची ठरवली. त्यांच्या अनुपस्थितीचा पुरावा गोळा करायचा म्हणून एका रविवारी जिन्याखालच्या खोलीत दबा धरून बसलो. दहाच्या सुमाराला परसातून कुकरची शिट्टी आली. दुसरी. तिसरी. एवढी खणखणीत, की शेजारच्या वाड्यातल्या बायकांनी आपापले गॅस बंद केले. बाहेर जाऊन पाहिलं, तर कुलूपवाले दारात पाट टाकून बसलेले, समोर स्टो, स्टोवर कुकर.

"या बाळासाहेब! वरणभात लावलाय."

"तुम्ही इथं जेवता?"

"छे, जेवतो कोथरूडला. इथं शिट्ट्या करतो. महिन्यातून दोन रविवार." मग आवाज उतरवून म्हणाले, "काकू तारीख टिपून ठेवतात. साक्षीला. तुम्हीही ऐकल्यात ना आज? छान. किती झाल्या म्हणालात?"

"तीन," माझ्या तोंडून निघून गेलं. काकूंनी खिडकीतून वहीत लिहिलं.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. मला वाटलं होतं, भाडेकरू आडवे येतील, दार लावून घेतील, भांडतील. तसं काही झालं असतं तर वकिलांना निदान एक नोटीस तरी पाठवता आली असती. पण नाही. आमच्या भाडेकरूंइतके अगत्यशील लोक पुण्यात दुसरे नसतील. आणि पुण्यात अगत्य म्हणजे काय चीज आहे, हे पुणेकरांना तरी सांगायला नको.

पहिलं आलं ते बाणेरचं एक तरुण जोडपं. आयटीतले. त्यांना वाड्यात कॅफे काढायचा होता. चौकात टेबलं, ओसरीवर गाद्या, पितळी पेल्यात कॉफी. मुलीनं खांबांना हात लावून पाहिला, डोळे भरून आले तिचे. अप्पा लगबगीनं खाली उतरले. "त्या खांबाला टेकू नका हं," अप्पा प्रेमानं म्हणाले. "तसा मजबूत आहे. फक्त टेकायचं नाही." मग स्वतः त्यांना वाडा दाखवायला निघाले. मालक मी, पण मी मागून चपला सांभाळत.

"ही रेघ दिसते?" भिंतीवर पुरुषभर उंचीवर एक काळपट रेघ आहे. "12 जुलै 1961. पानशेत फुटलं. पाणी इथवर. आम्ही माडीवर होतो म्हणून वाचलो. खाली कोण होतं? मालक." अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू धरण आमच्या घराण्यानं फोडलं. "घाबरू नका, रोज नाही येत."

तेवढ्यात काकूंनी त्या मुलीच्या हातात गरम थालीपीठ ठेवलं. "आता आपण एका घरच्या. सकाळी साडेपाचला मी पाणी भरते, बादल्यांचा आवाज होईल, सवय होते. तुमच्या त्या कॉफीवाल्यांना सांगा, दुपारी एक ते चार बोलायचं नाही. आणि चौकात टेबलं मांडाल ती तुळशीच्या पूर्वेला नको. पश्चिमेला पापड वाळतात."

"दक्षिणेला?" मुलानं क्षीण आवाजात विचारलं.

"तिथं घुशीचं बीळ आहे. पण ती बिचारी गरीब आहे."

दोघांनी थालीपिठं संपवली, लोणीही मागून घेतलं आणि जाताना काकूंच्या पाया पडले. मला फक्त ‘थॅंक्स अंकल’ म्हणाले.

दुसरं गिऱ्हाईक मुरलेलं होतं. साठीचे गृहस्थ, हातात वही. त्यांना खोल्या बघायच्याच नव्हत्या. त्यांनी फक्त भाडेकरूंची वयं विचारली. अप्पा 81, काकू 76, मास्तर 79. वहीत बेरीज, वजाबाकी, भागाकार झाला. हे लोक वाडा घेत नाहीत, वाट बघण्याचा हक्क घेतात. भाव बरा देत होते. मी मनात खरेदीखताचा मसुदाही सुरू केला. पण अप्पांनी वहीतला भागाकार जिन्यावरून वाचला होता. ते खाली आले आणि एक शब्द न बोलता चौकात बारा सूर्यनमस्कार घातले. तेराव्याला थांबून म्हणाले, "आमच्या घराण्यात वडील 94 ला गेले. तेही सायकलवरून पडून. आजी 97. तिला काही झालं नव्हतं, कंटाळली."

काकूंनी मागून नातवाला पुढे केलं. "हा माझ्याजवळच राहतो हं. रेशनकार्डात आहे."

गृहस्थांनी वही मिटली. टोपणाचा आवाज आला. माझी रेशनकार्डाची युक्ती काकूंपर्यंत कशी पोचली, याचा मी आजवर छडा लावू शकलेलो नाही. मामांच्या खोलीबद्दल मी एकदाच, दिवाळीत, चकली खाताना बोललो होतो.

शिंपीमामा मात्र कोणाशी बोलत नाहीत. ते मशीनवरून नजर न काढता गिऱ्हाइकाचं माप घेतात. "छाती अडतीस. हा काही वाडा घेत नाही, बघायला आलाय." त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. म्हणून एका सकाळी ते मशीन थांबवून म्हणाले, "छेचाळीस. हा बिल्डर," तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घातला.

बिल्डर खरंच आला. बरोबर एक पोरगा, त्याच्या हातात लाल ठिपक्याचं मोजायचं यंत्र. ठिपका भिंतीवरून, पापडांवरून, मास्तरांच्या टकलावरून फिरला. मास्तर हलले नाहीत. त्यांना वाटलं, क्षेत्रफळाचा प्रश्न आहे. बिल्डर मोकळा माणूस होता. म्हणाला, "भाडेकरू असेनात का. सगळ्यांना नव्या इमारतीत जागा देऊ. बोला, कोणाला काय पाहिजे?"

इतक्या सरळ प्रश्नाची वाड्याला सवय नव्हती. क्षणभर हौदातल्या पाण्याचा आवाज ऐकू आला. मग सगळे बोलले.

अप्पांना वरचा मजला हवा होता आणि लिफ्टही, पण लिफ्टचा मेंटेनन्स द्यायचा नव्हता, कारण ते जिना वापरतील. लिफ्ट फक्त असावी. काकूंना माजघर हवं होतं. बिल्डरच्या पोरानं "माजघर म्हणजे हॉल का?" असं विचारलं, तेव्हा काकूंनी त्याला शेजारी बसवून अर्धा तास माजघर समजावलं. शिंपीमामांना रस्त्याकडचीच जागा, उत्तरेचा उजेड. मास्तरांना सगळं लेखी, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. कुलूपवाल्यांना कोथरूडहून फोन लावला. त्यांना काहीही चालणार होतं, "फक्त कुकरचा आवाज खालपर्यंत गेला पाहिजे."

बिल्डरनं सगळं मांडलं. कॅल्क्युलेटरवर बोटं चालली. बराच वेळ चालली. "सगळ्यांचं बसतंय," तो शेवटी म्हणाला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

"आणि माझं?"

त्यानं कागद उलटा करून पाहिला. "तुम्हाला एक पार्किंग बसतंय. कव्हर्ड आहे."

"माझ्याकडे गाडी नाही."

"मग प्रश्नच मिटला," अप्पा म्हणाले.

तरीही मी चिकाटी सोडली नाही. बिल्डर म्हणाला होता, आधी टायटल क्लिअर करा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी भारदस्त सुरुवात, चतुःसीमा, ‘कोणाचाही हक्क, हितसंबंध, दावा असल्यास चौदा दिवसांचे आत लेखी हरकत घ्यावी.’ पुण्याला लेखी हरकत घ्या म्हणणं म्हणजे मुंग्यांना साखरेचा पत्ता छापून देणं. एकूण अकरा हरकती आल्या. दोन आत्यांच्या, तीन चुलत भावांच्या. एक शेजाऱ्यांची, त्यांच्या मते आमची पश्चिम दीड वीत त्यांच्या पूर्वेत घुसली आहे. एक अशा गृहस्थांची, ज्यांनी आजोबांना 1938 साली पावसाळ्यात छत्री दिली होती आणि ती परत मिळाली नव्हती. भाडेकरूंपैकी फक्त मास्तरांचं पाकीट होतं. मी धडधडत्या छातीनं उघडलं. आत नोटिशीचं कात्रण, लाल शाईनं सात चुका दुरुस्त केलेल्या आणि खाली शेरा: ‘आशय ठीक. शुद्धलेखन असमाधानकारक. चतुःसीमा शब्दातील विसर्ग विसरू नये.’

अकरावी हरकत बायकोची होती. ती म्हणाली, छापूनच आलंय ना ‘कोणाचाही’ म्हणून.

शेवटचा उपाय म्हणून मी भाडेकरूंनाच चौकात बसवलं आणि म्हटलं, "तुम्हीच घ्या वाडा. स्वस्तात देतो."

कोणी काही बोलेना. घूसही बिळातून डोकावून गेली. मग काकू म्हणाल्या, "बाळू, अरे, आपल्याच घराचे पैसे कसे द्यायचे?" काकूंनी मला लहानपणी घाऱ्या खिलवल्या आहेत. अठ्ठावन्न वर्षांच्या मालकाला चारचौघांत ‘बाळू’ म्हणायचा हक्क कुठल्याही भाडेपावतीत नोंदवलेला नसतो, पण तो कुठलंही न्यायालय काढून घेऊ शकत नाही.

"आणि मालक झालो," अप्पा म्हणाले, "की घरपट्टी, गळती, कौलं, घुशी सगळं आमच्याकडे. नको रे बाबा. तुझ्या वडिलांचे हाल पाहिलेत आम्ही." मग माझ्या पाठीवर हात ठेवून, अगदी सहज विचारावं तसं, "तिकडे गिरगावात तू का नाही घेत विकत तुझी खोली? मालक देत असेल की."

देतो म्हणतो तो. तीनदा विचारलंय त्यानं. मी अप्पांना सांगितलं, की मुंबईची गोष्ट वेगळी आहे. अप्पा म्हणाले, "हो, तिथं दमट असतं."

त्या संध्याकाळी परतताना मला कर्जतचा वडा गेला नाही.

गिरगावात आठवडा शांततेत गेला. मग रविवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली. आमचे मालक. मनीऑर्डरीखेरीज आमची भेट नसते, म्हणून मी ओळखायला वेळ लावला. "चाळ काढलीये विकायला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पार्टी आलीये. पाच मिनिटं खोली दाखवायची."

"पाच का? या की, बसा की!" मी म्हणालो. माझं मलाच नवल वाटलं, असलं अगत्य माझ्या गळ्यातून कधी निघालं नव्हतं. बायकोला हाक मारली, "अगं, चहा टाक! आणि तू कुकर लावणार होतीस ना? दार उघडं ठेवून लाव." शेजारच्या आजींना खुणेनं बोलावलं, त्या नव्वदीच्या आहेत आणि गिऱ्हाइकांना बघायला आवडतात.

मालकांच्या मागून एक पोरगा आत आला, हातात लाल ठिपक्याचं यंत्र. त्याच्यामागे छाती छेचाळीस.

बिल्डर उंबऱ्यात थबकला. मला बघितलं, मालकांना बघितलं, परत मला बघितलं. "अहो," तो म्हणाला, "तुम्ही तर नारायण पेठेतले मालक ना?"

"ते घाटावर," मी म्हणालो. "या, आत या. फक्त गॅलरीतल्या त्या खांबाला टेकू नका हं. तसा मजबूत आहे."